नर्सिंग शिकताना मूल्यं कशी बदलतात? वॉर्डातल्या चार वर्षांची गोष्ट

बारावी सायन्स करून नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलीला 'हेच क्षेत्र का निवडलंस?' असं विचारलं, तर एक उत्तर हमखास मिळतं : 'लोकांची सेवा करायची आहे.' चार वर्षांनी त्याच मुलीला तोच प्रश्न विचारला, तर उत्तरात सेवा हा शब्द असेलच असं नाही. ती कदाचित रुग्णाच्या संमतीबद्दल बोलेल. औषधाचा डोस दोनदा तपासण्याबद्दल बोलेल. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात आणि पगार किती मिळतो, याबद्दलही बोलेल.

मग मधल्या काळात तिचा सेवाभाव आटला का? की त्याला नीट आकार आला? या प्रश्नाचा जगभरात गेली साठहून अधिक वर्षं अभ्यास होतो आहे. तो प्रश्न फक्त नर्सिंग कॉलेजांपुरता नाही. आपला माणूस अॅडमिट असतो, तेव्हा रात्री तीन वाजता बेल वाजवल्यावर कोण येतं आणि कसं वागतं, हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

थोडक्यात

• विद्यार्थिनी घरून वैयक्तिक मूल्यं घेऊन येतात. अभ्यासक्रम त्यांत व्यावसायिक मूल्यांची भर घालतो.
• वॉर्डातली पहिली वर्षं आदर्शांना धक्का देतात. काहींची सहानुभूती या काळात कमी होते, असं संशोधनात दिसलं आहे.
• मूल्यं टिकतात की कोमेजतात, हे मुलीच्या स्वभावाइतकंच वॉर्डातलं वातावरण, मनुष्यबळ आणि ज्येष्ठ सिस्टरचं वागणं यांवर अवलंबून असतं.
• नर्सिंगचा व्यवसायही बदलला आहे. एकेकाळी डॉक्टरांची आज्ञा पाळणं हे मोठं मूल्य होतं. आज रुग्णाची बाजू घेणं हे मोठं मूल्य आहे.

मूल्य म्हणजे नेमकं काय?

मूल्य आणि आवडनिवड या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच निवडायची वेळ आली की माणूस जिला आधी जागा देतो, ते त्याचं मूल्य. खरं बोलणंही चांगलं आणि कुणाचं मन न दुखावणंही चांगलं. कॅन्सरच्या रुग्णाने 'सिस्टर, मी बरा होईन ना?' असं विचारलं की या दोहोंपैकी काय वर येतं, त्यावरून मूल्याचा क्रम कळतो.

मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली मूल्यांचे दोन गट मांडले. आयुष्यात जे मिळवायचं ते एका गटात आणि ते मिळवताना कसं वागायचं ते दुसऱ्या गटात. पुढे शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यं एका वर्तुळात मांडली. वर्तुळात शेजारी असलेली मूल्यं एकमेकांना पूरक असतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढतात. परोपकाराच्या समोर यश आणि सत्ता येतात, तर चाकोरी पाळण्याच्या समोर स्वयंनिर्णय येतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनीची ओढाताण या वर्तुळात नेमकी दिसते. तिला शिस्तही पाळायची असते आणि चूक दिसली तर बोलायचंही असतं.

व्यावसायिक मूल्यं मोजण्यासाठी अमेरिकेतल्या डार्लीन वाइस आणि मेरी जेन शँक यांनी २००० साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजही अनेक देशांत वापरली जाते. तिची २०१७ ची आवृत्ती २८ विधानांची आहे आणि ती मूल्यांचे तीन भाग करते. पहिला भाग रुग्णाची काळजी आणि त्याची प्रतिष्ठा. दुसरा, व्यवसायाच्या आणि समाजाच्या प्रश्नांवर भूमिका घेणं. तिसरा, स्वतःच्या कामाची जबाबदारी आणि दर्जा. म्हणजे चांगली नर्स होण्यासाठी 'मन मोठं' असणं पुरेसं नाही. बोलण्याची हिंमत आणि कामातला काटेकोरपणा हीसुद्धा मूल्यंच आहेत.

उपनगरातली मुलगी कॉलेजात येते तेव्हा

मुंबईच्या उपनगरांत नर्सिंगची सोय दोन प्रकारच्या ठिकाणी दिसते. एकीकडे महापालिकेची गर्दीची रुग्णालयं : घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, कांदिवलीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय. दुसरीकडे स्वतःचं नर्सिंग शिक्षण चालवणारी खाजगी आणि धर्मादाय रुग्णालयं, उदाहरणार्थ अंधेरीचं होली स्पिरिट किंवा कोकिळाबेन. बोरिवली किंवा मुलुंडहून लोकल पकडून शहरातल्या केईएम, नायर, सायनच्या नर्सिंग स्कूलमध्ये किंवा १९६४ पासून चालणाऱ्या एसएनडीटीच्या लीलाबाई ठाकरसी कॉलेजात जाणाऱ्याही असतात. वर्गात कोकण, विदर्भ, मराठवाड्यातून आलेल्या मुली असतात, मल्याळी मुली असतात आणि आता थोडे मुलगेही असतात.

मुख्य अभ्यासक्रम तीन. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सुधारित अभ्यासक्रमात पदवीची आठ सत्रं आहेत. त्यातल्या चौथ्या सत्रात व्यावसायिक मूल्यं आणि नीतिशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. पदवी मिळण्यासाठी वॉर्डातल्या प्रात्यक्षिकांची हजेरी १०० टक्के भरावी लागते. त्यामुळे पुस्तकातली मूल्यं आणि वॉर्डातली मूल्यं यांची गाठ फार लवकर पडते.

घरून येताना मुली काय घेऊन येतात? मोठ्यांचा मान राखणं, कष्टाची तयारी, देवाधर्मावरची श्रद्धा, कुटुंबाला हातभार लावण्याची इच्छा. त्याबरोबर काही ओझीही येतात. 'रात्रपाळी करणार का?', 'परक्या माणसांचं सगळं करावं लागतं', 'लग्न कसं जमणार?' हे प्रश्न अनेक घरांत आजही ऐकू येतात. आजारी माणसाचं शरीर, रक्त, मलमूत्र यांच्याशी जोडलेली शिवाशिवीची जुनी भावना पूर्णपणे गेलेली नाही. 'पक्की नोकरी लागते, परदेशी जाता येतं' हे कारण अनेकजणींच्या मनात असतं, पण मुलाखतीत ते सांगायचं नसतं हेही त्यांना कळतं. खरं तर सेवा आणि नोकरी ही दोन्ही कारणं एकाच मनात सुखाने नांदतात.

पहिला टप्पा : निरागसता आणि गोंधळ

फ्रेड डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या नर्सिंग विद्यार्थिनींचा अभ्यास करून १९६८ मध्ये मूल्यबदलाचे सहा टप्पे मांडले. ते मुंबईतल्या कोणत्याही वर्गाला ओळखीचे वाटावेत असे आहेत.

सुरुवातीला मुलींना हाताने काहीतरी करायचं असतं. जखम बांधायची, ताप उतरवायचा, कपाळावर हात ठेवायचा. शिक्षिका मात्र सांगत असतात की आधी निरीक्षण करा, प्रश्न विचारा, नोंद करा. 'हेच नर्सिंग का?' असा प्रश्न पडतो आणि इथे पहिली नाराजी येते.

मग मुली शिक्षिकांना काय हवं आहे ते ओळखायला शिकतात. त्यानंतर येते नक्कल. मनातून पटलेलं नसलं तरी त्या 'प्रोफेशनल' वागून दाखवतात. रुग्णाशी ठरलेल्या आवाजात बोलतात, ठरलेले प्रश्न विचारतात. हे ढोंग वाटून अपराधीही वाटतं. पण रोज केलेली नक्कल हळूहळू अंगवळणी पडते. आधी तात्पुरती, मग कायमची ती स्वतःची होते. डेव्हिसच्या मांडणीत मूल्य एखाद्या भाषणातून मनात उतरत नाही. ते वागण्यातून आत झिरपतं.

दुसरा टप्पा : वॉर्डातला धक्का

समजा, मुलुंडची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी मेल मेडिकल वॉर्डात पहिल्यांदा उभी आहे. कॉलेजात तिला शिकवलं आहे की रुग्णाचं अंग पुसण्याआधी पडदा लावायचा, काय करणार ते सांगायचं, परवानगी घ्यायची. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही गादी टाकलेली आहे. पडदा एकच आहे आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात आहे. सिस्टर म्हणतात, 'लवकर आटप, राऊंड सुरू होतोय.' तिने काय करायचं?

अशी कोंडी दिवसातून दहा वेळा येते. योग्य काय ते माहीत आहे, पण परिस्थिती ते करू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हटलं. वाईट वागण्याची इच्छा नसतानाही वाईट वागल्याची टोचणी लागणं, असा त्याचा साधा अर्थ.

इझाबेल मेंझिस यांनी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयात केलेला आणि १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेला अभ्यास याच जागेवर बोट ठेवतो. तिथे सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या. मेंझिस यांना दिसलं की मृत्यू, वेदना आणि उघडं शरीर यांची भीती टाळण्यासाठी रुग्णालयाने कामाची रचनाच तशी केली होती. एका रुग्णाची पूर्ण काळजी एकीकडे नसायची. एक मुलगी सगळ्यांचा ताप बघणार, दुसरी सगळ्यांचे बेडपॅन देणार. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं. यामुळे भीती थोडी कमी व्हायची, पण ज्या नात्यासाठी मुली या कामात आल्या होत्या, ते नातंच तुटायचं.

'पाच नंबरची सलाईन संपली' हे वाक्य मुंबईच्या कुठल्याही वॉर्डात रोज ऐकू येतं. त्यामागे निष्ठुरपणा असतोच असं नाही. कामाचा रेटा आणि मनाला लावून घेतलेलं चिलखत या दोन्ही गोष्टी त्यात असतात.

या टप्प्यात सहानुभूती खरोखर कमी होते का? अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१४ नर्सिंग विद्यार्थ्यांची सहानुभूती शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजली. ज्यांचा रुग्णांशी जास्त संबंध आला, त्यांच्यात घट अधिक दिसली. ऐकायला हे उलटं वाटतं. पण रोज दुःख पाहणाऱ्या आणि त्याबद्दल कुणाशी बोलायला जागा नसलेल्या वीस वर्षांच्या मुलीचं मन स्वतःला वाचवणारच.

वस्तीत आणि मनोरुग्णालयात

मूल्यं फक्त खाली येत नाहीत. काही ठिकाणी ती रुंदावतात. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थिनी वस्त्यांत जातात. घाटकोपरच्या असल्फासारख्या डोंगरावरच्या वस्तीत घरोघर फिरलं की एक गोष्ट कळते. वॉर्डात ज्याला 'औषध न घेणारा पेशंट' म्हटलं होतं, त्याच्या घरात एकाच खोलीत सहाजण राहतात आणि औषध घ्यायला गेलं तर दिवसाची मजुरी बुडते. टीबीचे रुग्ण उपचार मध्येच का सोडतात, हे तिथे पुस्तकाविना समजतं. अशा अनुभवानंतर 'दया' या मूल्याशेजारी 'न्याय' हे मूल्य येऊन बसतं.

मानसोपचाराची पोस्टिंगही अशीच. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि मुंबई परिसरातल्या विद्यार्थिनी तिथे शिकायला जातात. जाताना मनात भीती असते. 'वेड्यांचं हॉस्पिटल' हा शब्द घरातूनच आलेला असतो. तिथे काही आठवडे रुग्णांशी बोलल्यावर, त्यांची औषधं आणि दिनक्रम पाहिल्यावर तो शब्द तोंडात आणताना अवघडायला होतं. घरून आणलेलं एक मत गळून पडणं हासुद्धा मूल्यबदलच.

तिसरा टप्पा : शेवटचं वर्ष आणि पहिली नोकरी

शेवटच्या सत्रातल्या इंटर्नशिपमध्ये मुली जवळजवळ पूर्ण ड्युटी करतात. पहिली नोकरी लागली की मोठा धक्का बसतो. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ च्या पुस्तकात त्याचे चार टप्पे सांगितले. आधी कौतुकाचे दिवस, मग धक्का, मग सावरणं आणि शेवटी काहीतरी मार्ग काढणं. मार्ग अनेक असतात. काहीजणी शाळेत शिकलेलं सोडून वॉर्डाची रीत पत्करतात. काही नोकरी किंवा क्षेत्रच सोडतात. काही दोन्हींचा मेळ घालतात, आणि क्रेमर यांच्या मते तोच टिकाऊ मार्ग.

इंग्लंडमध्ये जिल मेबन आणि सहकाऱ्यांनी नव्या परिचारिकांचा नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाठपुरावा केला. २००७ मध्ये त्यांनी तीन गट मांडले. आदर्श टिकवून ठेवलेल्या, तडजोड केलेल्या आणि ज्यांचे आदर्श चिरडले गेले अशा. शिक्षण संपताना जवळपास सगळ्यांची मूल्यं उंच होती. फरक पडला तो नंतर, वॉर्डात. तिथे न लिहिलेले नियम चालत. हात चालले पाहिजेत, गप्पा नकोत. रुग्णात गुंतू नका. सगळे करतात तसं करा, उगाच वेगळं काही काढू नका. रुग्णाशेजारी दोन मिनिटं बसलेली नर्स कामचुकार ठरत होती.

या अभ्यासातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. 'आजकालच्या मुलींमध्ये सेवाभाव नाही' असं म्हणणं सोपं असतं. पण अनेकदा मुलींमध्ये तो असतो आणि वॉर्ड तो वापरू देत नाही.

व्यवसायाचीच मूल्यं बदलली

विद्यार्थिनी ज्या मूल्यांत घडतात, ती मूल्यंही स्थिर नाहीत. महाराष्ट्रात या कामाला प्रतिष्ठा मिळायला फार वेळ लागला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका मानल्या जातात. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभारलं आणि विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या प्रशिक्षणाची वाट दाखवली. घरंदाज बाईने परक्या माणसाची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना सहन होत नव्हती. त्या काळात नर्स होणं हेच मूल्यांचं बंड होतं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा झाला आणि शिक्षणाला देशभर एक चौकट मिळाली.

आज्ञापालनाची गोष्टही अशीच. अनेक कॉलेजांत दीपप्रज्वलनाच्या समारंभात विद्यार्थिनी हातात दिवा धरून नाइटिंगेल शपथ घेतात. ही शपथ फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. मूळ शपथेत डॉक्टरांना निष्ठेने साथ देण्याचं वचन होतं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या आचारसंहितेतही डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळण्याचं कर्तव्य होतं. १९७३ मध्ये ती संहिता बदलली आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाप्रति आहे, असं स्पष्ट झालं.

वीस वर्षांत झालेला हा बदल छोटा नाही. आज एखाद्या विद्यार्थिनीला डोस चुकीचा वाटला, तर डॉक्टरांना विचारणं हा उद्धटपणा नाही, ते तिचं कर्तव्य आहे. पण मोठ्यांना उलट प्रश्न विचारायचा नाही, असं घरी शिकलेल्या मुलीला हे जमायला वेळ लागतो. वैयक्तिक आणि व्यावसायिक मूल्यांची खरी टक्कर इथे होते.

वॉर्ड क्रमांक चार : एका पिढीकडून दुसरीकडे

मूल्यं एका बॅचकडून पुढच्या बॅचकडे कशी जातात, याचं मुंबईतलं सर्वांत मोठं उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयातलं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. त्या घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता.

१८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवणं, अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर होऊ न देण्याची काळजी घेतली गेली, हा शुश्रूषेतला दाखला म्हणून सांगितला जातो. हल्ल्याच्या वेळी नोकरीत असलेल्या परिचारिका निवृत्त झाल्या. हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली विद्यार्थिनी म्हणून आल्या आणि त्यांनी ते काम हातात घेतलं. १९८० च्या दशकात महापालिकेने खाट रिकामी करण्यासाठी अरुणा यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत मागे घ्यावा लागला. काळजी आणि भूमिका घेणं ही दोन मूल्यं इथे एकत्र दिसतात.

पुढे लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना सन्मानाने मरू द्यावं यासाठी याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणा यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने मानलं आणि कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. त्याच निकालाने काही अटींवर निष्क्रिय इच्छामरणाची वाटही मोकळी केली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने ती आणखी स्पष्ट झाली.

याचिकाकर्तीलाही अरुणा यांच्या प्रतिष्ठेचीच काळजी होती आणि परिचारिकांनाही. प्रतिष्ठा हे एकच मूल्य दोघींना दोन दिशांना घेऊन गेलं. आज नीतिशास्त्राच्या तासाला हे प्रकरण निघालं की वर्गात दोन तट पडणं स्वाभाविक आहे, आणि असा वाद होणं हाच मूल्यशिक्षणाचा भाग आहे.

कोविडने काय केलं?

२०२० मध्ये मरोळचं सेव्हनहिल्स रुग्णालय कोविडसाठी सुरू झालं. गोरेगावच्या नेस्कोत, मुलुंडला, दहिसरला जम्बो केंद्रं उभी राहिली. पीपीई किटमध्ये सहा-आठ तास पाणीही न पिता काम करणं, घरी न जाणं, मरणाऱ्या रुग्णाचा घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून देणं, हे सगळं तरुण परिचारिकांच्या वाट्याला आलं. दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी, केंद्र सरकारने बी.एस्सी. आणि जीएनएम पात्र परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देण्याचा निर्णय जाहीर केला. शंभर दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्याचं आश्वासन होतं.

या काळाने एक जुना प्रश्न उघडा केला. रुग्णाप्रति कर्तव्य मोठं की स्वतःचा आणि घरच्यांचा जीव? 'स्वतःला झोकून द्या' हे जुनं मूल्य आणि 'सुरक्षित राहिलात तरच दुसऱ्याला वाचवू शकाल' हे नवं मूल्य एकमेकांसमोर आले. टाळ्या-थाळ्या वाजल्या, पण काही परिचारिकांना सोसायटीत संशयाने पाहिलं गेलं. त्यानंतर सुरक्षितता, विमा, कायम नोकरी याबद्दल बोलणं हे स्वार्थाचं लक्षण आहे, असं मानणं अनेकींनी सोडून दिलं.

मूल्यं टिकवणाऱ्या गोष्टी

पहिली, ज्येष्ठ सिस्टर. विद्यार्थिनी व्याख्यान विसरतात, पण पडदा नसताना स्वतःच्या अंगाने आडोसा करून रुग्णाचे कपडे बदलणारी सिस्टर विसरत नाहीत. याच्या उलटही खरं आहे. सगळ्यांसमोर अपमान करणारी सिस्टर पुढच्या पिढीला अपमान करायलाच शिकवते.

दुसरी, माणसांची संख्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, तर इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. प्रत्यक्ष संख्या याहून फार वाढली की संवेदनशील मुलगीही यंत्रासारखी होते. वेळ नसेल तर मूल्य मनातच राहतं.

तिसरी, पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असतील तर पगार त्याच दर्जाच्या सरकारी परिचारिकेइतका हवा आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये हवेत, असं त्यात म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि मुंबईतलं भाडं डोक्यावर असलेल्या मुलीला सेवाभावाचे धडे देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

चौथी, बोलायला जागा. एखादा रुग्ण दगावल्यावर शिक्षिकेने विद्यार्थिनींना गोळा करून 'काय वाटलं?' एवढं विचारलं, तरी मनावरचं चिलखत कमी जाड होतं.

असे अभ्यास वाचताना

'शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मूल्यं पहिल्या वर्षापेक्षा जास्त' अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यातले बरेच अभ्यास एकाच दिवशी दोन वेगळ्या वर्गांची तुलना करतात. ती माणसंच वेगळी असतात आणि मधल्या काळात शिक्षण सोडून गेलेल्या मुली त्यात मोजल्याच जात नाहीत. त्याच मुलींना वर्षानुवर्षं विचारत राहिलं, तरच बदल कळतो. शिवाय प्रश्नावलीत 'रुग्णाचा आदर महत्त्वाचा आहे का?' याला कुणी 'नाही' म्हणत नाही. कागदावरचं मूल्य आणि रात्रपाळीतलं मूल्य यांत अंतर असू शकतं.

आपलं काय काम?

रुग्णालयात नातेवाईक म्हणून गेलं की समोर पांढऱ्या किंवा निळ्या गणवेशातली एक घाबरलेली मुलगी उभी असते. बिल, उशीर, खाट न मिळणं, यातलं काहीच तिच्या हातात नसतं, पण राग तिच्यावर निघतो. तिच्या मूल्यांचं शिक्षण त्या क्षणीही चालू असतं. 'ए सिस्टर' म्हणून हाक मारली की ती एक गोष्ट शिकते आणि नाव विचारून बोललं की दुसरी.

तिला माहिती विचारणं, औषध कशाचं आहे ते समजून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे आणि उत्तर देणं हे तिच्या व्यवसायाचं मूल्य. दोन्ही बाजूंनी ते पाळलं गेलं, तर चार वर्षांपूर्वी प्रवेशाच्या रांगेत 'सेवा करायची आहे' म्हणणारी ती मुलगी हरवत नाही. सेवा कशी करायची आणि त्यासाठी कुठे अडून बसायचं, हे तिला आता कळलेलं असतं.